किल्ली मिळाली, पण नाव लागलं का?



कुणी सेकंड हँड गाडी घेतली की आपण त्याला तीन प्रश्न विचारतो. कितीला पडली? किती चाललीय? ॲव्हरेज किती देते? मला स्वतःला गाडी घ्यायची होती, म्हणून गेल्या वर्षभरात मी हे तीन प्रश्न ओळखीच्या प्रत्येकाला विचारले. ऑफिसच्या कँटीनमध्ये, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत. सगळ्यांनी अगदी हौसेने उत्तरं दिली. मग मी एक चौथा प्रश्न विचारायला लागलो. गाडी नावावर झाली का?

इथे आवाज जरा खाली यायचे. "एजंटकडे दिलंय काम." "होईल रे, पेपर सगळे माझ्याकडेच आहेत." "जुना मालक ओळखीचाच आहे, काय घाई आहे?" एक जण तर म्हणाला, "अरे हो, बघायला पाहिजे." त्याला गाडी घेऊन चौदा महिने झाले होते.

आजचा एपिसोड या चौथ्या प्रश्नाबद्दल आहे. इंजिन, टायर, किंमत यावरही बोलणार आहे, पण शेवटी. कारण मी जेवढे अनुभव गोळा केले, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. इंजिन खराब निघालं तर माणूस वीस-तीस हजारांना चिडतो आणि पुढे जातो. खरा मोठा फटका ज्यांना बसला, त्यांना तो कागदाने बसला, लोखंडाने नाही.

आपण मराठी माणसं जमिनीच्या बाबतीत किती सावध असतो बघा. दोन गुंठे घ्यायचे असले तरी सातबारा काढतो, फेरफार बघतो, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का विचारतो, आणि आपलं नाव चढेपर्यंत झोपत नाही. तीच माणसं पाच लाखांची गाडी घेताना टायरला लाथ मारतात, बॉनेट उघडून मान हलवतात आणि किल्ली घेऊन घरी येतात. पेढे वाटतात. व्यवहार झाला!

नाही झाला. जुन्या गाडीत दोन वेगळे व्यवहार असतात. पहिला किल्लीचा, तो एका संध्याकाळी होतो. दुसरा नावाचा, तो आरटीओच्या नोंदीत होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर तुमच्या लॅपटॉपवर कोड चालला म्हणजे काम झालं असं नसतं, तो प्रॉडक्शनला गेला पाहिजे. गाडीच्या मालकीचं प्रॉडक्शन म्हणजे आरटीओचा डेटाबेस. किल्ली आणि नाव यांच्यामध्ये जे दिवस जातात, ते दोघांसाठीही धोक्याचे असतात. घेणाऱ्यासाठी आणि विकणाऱ्यासाठी. विकणाऱ्यासाठी तर जास्तच.

हे मला कळलं माझ्या मामांमुळे. ते सातारा जिल्ह्यात राहतात, निवृत्त शिक्षक. मुलगा नवीन गाडी घेऊन आला म्हणून त्यांनी आपली जुनी गाडी विकली. गावातल्याच एका एजंटने गिऱ्हाईक आणलं. माणूस सभ्य. पैसे रोख मिळाले, मोजून मिळाले. एजंटने स्टॅम्प पेपरवर करारनामा केला: आजपासून या वाहनाचे सर्व चलान, अपघात, गुन्हे यांची जबाबदारी खरेदीदाराची राहील. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. मामांनी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या. बाकीचे रकाने एजंट भरणार होता. मामींनी त्या माणसाला चहा दिला, जाताना गाडीवर हळदीकुंकूही वाहिलं.

तीन महिन्यांनी मामांच्या फोनवर टोलचा मेसेज आला. खालापूर. मामा घरात बसलेले आणि त्यांच्या फास्टॅगमधून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचा टोल कापला गेला. त्यांनी एजंटला फोन केला. तो हसला, म्हणाला, "सर, टॅग काढायचा राहिला असेल, सांगतो त्यांना." मग ओव्हरस्पीडचं चलान आलं. मग दुसरं आलं. मामांनी ते भरलंही, कारण शिक्षक माणूस, नावावर थकबाकी नको. पुढे मेसेज यायचे बंद झाले, आणि मामा विसरले.

सुमारे दीड वर्षाने पोलीस ठाण्यातून फोन आला. त्या गाडीने एका दुचाकीला धडक दिली होती. मागे बसलेल्या चोवीस वर्षांच्या मुलाचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. गाडी चालवणारा भलताच कुणीतरी होता. मधल्या काळात गाडी दोनदा विकली गेली होती, फक्त किल्लीने. विमा संपलेला होता. आणि नोंदीत मालक कोण? मामा.

पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. मामा तो नोटरीचा कागद घेऊन वकिलाकडे गेले. वकिलाने कागद वाचला आणि एकच वाक्य बोलला: "हा करार तुमच्यात आणि खरेदीदारात आहे, त्या जखमी मुलाने यावर सही केलेली नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा मंडळी. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावाने वाहन नोंदलेलं आहे तो. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर असंच एक प्रकरण आलं होतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात फिरली होती आणि नोंदणी मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली होती. कोर्टाने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर ठेवली. त्यामागचा विचारही समजण्यासारखा आहे. अपघातात जखमी झालेल्या माणसाने विक्रीची ही सगळी साखळी शोधत गावोगाव फिरायचं का? त्याच्यासाठी नोंदीतलं नाव हाच मालक. मालकाने नंतर खरेदीदाराला शोधावं आणि त्याच्याकडून वसूल करावं. सापडला तर.

मामांचा दावा अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला ते एसटीने जातात. मी एकदा त्यांच्यासोबत गेलो होतो. तो मुलगाही आला होता, काठी घेऊन. परत येताना मामा म्हणाले, "त्या पोराला पैसे मिळायलाच पाहिजेत. त्याचं काय चुकलं? पण माझं तरी काय चुकलं, हे मला अजून समजत नाही." निवृत्तीच्या पैशातून काही रक्कम त्यांनी बाजूला काढून ठेवलीय, आणि ती कशासाठी हे मामींना सांगितलेलं नाही.

लक्षात घ्या, या गोष्टीत खलनायक नाही. कुणी बनावट नोट दिली नाही, कुणी गाडी पळवली नाही. दोन सह्या केलेले फॉर्म कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडून राहिले, एवढंच.

आता कायदा काय सांगतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. म्हणजे "नाव लावणं खरेदीदाराचं काम" ही आपली समजूत अर्धीच बरोबर आहे. कळवणं विकणाऱ्याचंही काम आहे. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने दिलेली हस्तांतरणाची सूचना, फॉर्म ३० म्हणजे दोघांच्या सह्यांचा अर्ज. कोरे फॉर्म सही करून द्यायचे नाहीत. खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख, सगळं समोर भरायचं आणि मग सही करायची. फॉर्मचे आणि खरेदीदाराच्या ओळखपत्राचे फोटो काढून ठेवायचे. गाडी दिल्याची तारीख आणि वेळ असलेली डिलिव्हरी नोट करायची. हे संरक्षण म्हणून चांगलं, पण नाव बदलल्याशिवाय पुरेसं नाही. फास्टॅग त्याच दिवशी बंद करायचा. आणि एजंट "झालं सर" म्हणाला तरी आपण स्वतः एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बघायचं. मालकाचं नाव तिथे पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरं झाकलेली असतात. पण पहिली अक्षरं बदलली की नाही, आणि मालकाचा क्रमांक एकवरून दोनवर गेला की नाही, तेवढं कळतं.

ही झाली विकणाऱ्याची बाजू. आता घेणाऱ्यांचे अनुभव.

आमच्या टीममधली एक सहकारी आहे, नाशिकची. तिने एका ओळखीच्या माणसाकडून तीन वर्षांची गाडी घेतली. गाडीवर कर्ज चालू होतं. विकणारा म्हणाला, "तुम्ही पैसे द्या, मी लगेच लोन बंद करतो, बँकेची एनओसी आणून देतो." हिने पैसे दिले. त्याने त्यातून आधी दुसरी देणी भागवली. हप्ते थकले. मग एके दिवशी बँकेची वसुलीची माणसं हिच्या पार्किंगमध्ये उभी. हिने गाडीचे सगळे पैसे दिलेले, पण आरसीवर बोजा बँकेचा आणि नाव दुसऱ्याचं. त्या माणसाच्या वडिलांनी मध्ये पडून पैसे भरले म्हणून गाडी वाचली.

ती आता सगळ्यांना एकच सल्ला देते. गाडीवर कर्ज असेल तर विकणाऱ्याकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचं बँकेचं पत्र मागा, आणि तेवढे पैसे थेट त्या लोन खात्यात भरा. उरलेले विकणाऱ्याला. कर्ज फिटलं की बँक एनओसी आणि फॉर्म ३५ देते. तो आरटीओत दिल्यावर आरसीवरचा बोजा उतरतो. कर्ज फिटणं आणि बोजा उतरणं या पुन्हा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कितीतरी लोकांचं कर्ज पाच वर्षांपूर्वी फिटलंय आणि आरसीवर बँकेचं नाव अजून तसंच आहे. अशी गाडी विकायला काढली की मग धावपळ.

दुसरा अनुभव माझ्या रूममेटच्या चुलतभावाचा, कोल्हापूरचा. गाडी नावावर झाली होती बरं का. आरसी हातात होती. पण विमा? जुन्या मालकाची पॉलिसी अजून आठ महिने शिल्लक होती, म्हणून हा निवांत. पावसाळ्यात उभ्या गाडीवर झाड पडलं. छप्पर, काच, बॉनेट, सगळं गेलं. क्लेम केला तर कंपनीने विचारलं, पॉलिसी कोणाच्या नावावर? जुन्या मालकाच्या. गाडी कोणाच्या नावावर? माझ्या. मग तुमचा आमचा करार कुठे आहे? क्लेम नामंजूर.

इथे एक बारकावा समजून घ्या. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग, कायद्याने नव्या मालकाकडे गेला असं मानलं जातं. पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. आणि ॲपवर विम्याची जी तारीख दिसते, ती फक्त थर्ड पार्टीची असू शकते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीबरोबर तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो, स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. म्हणून तारीख नाही, पूर्ण पॉलिसी मागून वाचा.

आणि विकणाऱ्यांसाठी एक गोड बातमी. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पाच वर्षं क्लेम केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या प्रीमियममध्ये वापरता येतं. घेणाऱ्याला मात्र हा बोनस मिळत नाही. त्यामुळे पॉलिसी नावावर करताना त्या फरकाचे पैसे भरावे लागतात. कोणी "बोनससकट पॉलिसी देतो" म्हणालं तर हात जोडा.

तिसरा अनुभव "दिल्लीची गाडी". हा विषय प्रत्येक कँटीनमध्ये निघतोच. "अरे तिकडे तीच डिझेल गाडी अर्ध्या किमतीत मिळते!" मिळते, खरंय. कारण दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. आधी हरित लवादाचे आदेश, मग २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश. नंतर त्यात फेरफार होत राहिले, पण आठ-नऊ वर्षांच्या डिझेल गाडीचा भाव तिथे पडला तो या भीतीमुळे. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी अशी मोठी डिझेल एसयूव्ही आणली. गाडी उत्तम आहे, मी बसलोय. पण त्यांचा हिशोब ऐका. तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. गाडी इकडे चालवत आणायचा खर्च. मग महाराष्ट्राचा रस्ता कर. नवीन डिझेल गाडीला आपल्याकडे तो १३ टक्क्यांपासून सुरू होतो, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, पण भरावा लागतोच. तिकडे आधी भरलेल्या कराचा परतावा जुन्या मालकामार्फत मागायचा, तो मिळेल तेव्हा. मग नवा एमएच नंबर. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथे नोंदणी करावीच लागते. काकांना एजंट आणि फेऱ्या धरून वाचलेल्या पैशांपैकी निम्म्याहून जास्त यात गेले. वर डीएल नंबर दिसला की प्रत्येक नाक्यावर थांबवणूक, ती वेगळी. ते म्हणतात, "गाडी स्वस्त होती, माझे सहा महिने स्वस्त नव्हते."

आता तुम्ही म्हणाल, एवढी कटकट असेल तर सरळ डीलरकडून घ्यावी. चालेल की. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी वेगळे नियम आहेत. डीलरने आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं. गाडी ताब्यात घेतली की मालक आणि डीलरने फॉर्म २९सी मधून तसं पोर्टलवर कळवायचं. त्यानंतर गाडी विकली जाईपर्यंत तिची जबाबदारी डीलरवर येते. मामांसारख्या विकणाऱ्याला हवं होतं ते नेमकं हेच. तेव्हा तुम्ही डीलरला गाडी देत असाल तर दोन प्रश्न विचारा: तुमच्याकडे हे प्रमाणपत्र आहे का, आणि माझ्या गाडीचा २९सी कधी करता? उत्तर गुळमुळीत आलं तर दोन-पाच हजार कमी मिळाले तरी दुसऱ्याकडे जा. घेताना हेही लक्षात ठेवा की नोंदणीकृत डीलरला त्याच्या नफ्याच्या रकमेवर जीएसटी लागतो, जानेवारी २०२५ पासून तो १८ टक्के झालाय. घरगुती मालकाकडून थेट घेतलेल्या गाडीला जीएसटी नाही. म्हणून डीलरची गाडी थोडी महाग असणारच. त्या जास्तीच्या पैशात तो कागदाचं काम करतोय का, एवढं बघायचं.

बरं, आता लोखंड. मी माझी गाडी कशी बघितली ते सांगतो. मला ऑफिस आणि महिन्यातून एकदा गाव, एवढ्यासाठी छोटी पेट्रोल गाडी हवी होती. मी २०१७ ची वॅगनआर घेतली, पहिल्याच मालकाकडून.

पहिली गोष्ट, सकाळी सात वाजता गेलो, न सांगता थोडा लवकर. बॉनेटला हात लावला. थंड पाहिजे. इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर थंड स्टार्टचा त्रास लपतो.

दुसरी, मीटर. आकडा बघण्यापेक्षा तो आकडा बाकी गाडीशी जुळतो का ते बघा. पस्तीस हजार किलोमीटर म्हणतात आणि ब्रेकचं रबर गुळगुळीत, स्टीअरिंग चकाकतंय, ड्रायव्हरची सीट बसलीय? मग प्रश्न विचारा. टायरवर चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आणि सर्व्हिस रेकॉर्ड मागा. प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटरची नोंद असते. २०२१ ला साठ हजार आणि आज पन्नास हजार, असं गणित कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.

तिसरी, पाणी. आपल्याकडे २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं. पुरातल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात येतात. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, डाग किंवा चिखलाची रेघ दिसते. सीटखालच्या पट्ट्यांचा गंज बघा, डिकीतलं स्टेपनीचं कार्पेट उचला, वास घ्या. अत्तराचा वास जास्तच येत असेल तर अजून एकदा घ्या.

चौथी, दिवे. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा आणि इंजिनचा दिवा लागला पाहिजे, आणि नंतर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर कुणीतरी तो लागू नये अशी सोय केलीय. माझ्याकडे ओबीडी स्कॅनर आहे, तो लावला. एरर नाहीत हे चांगलंच, पण गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, पूर्ण झालेले आहेत का हेही दिसतं. ते सगळे अपूर्ण दिसले तर एरर नुकत्याच पुसल्या असण्याची शक्यता असते.

आणि पाचवी, स्वतःचा मेकॅनिक. विकणाऱ्याच्या ओळखीचा नाही. माझ्या मेकॅनिकने पाचशे रुपये आणि नाश्ता घेतला, आणि लिफ्टवर गाडी चढवून क्लच आता संपत आलाय हे दाखवलं. तेवढे पैसे किमतीतून कमी झाले.

किमतीवरून सांगतो. विकणारा नेहमी म्हणतो, "मी सात लाखाला घेतली होती." त्याने किती दिले याचा आज संबंध नाही. तेच मॉडेल आज नवीन किती रुपयांना मिळतंय, ते बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीने त्याच भावाला चिकटून राहायचं काही कारण नाही. आणि ठरलेल्या किमतीवर पहिल्या वर्षासाठी दहा टक्के बाजूला ठेवा. माझे चार टायर, बॅटरी, क्लच, कूलंट आणि विमा यात ते गेलेच. जो म्हणतो जुन्या गाडीला खर्च नाही, त्याने अजून वर्ष पूर्ण केलेलं नाही.

पैसे देताना मी विकणाऱ्या काकांना एक विनंती केली. वीस हजार रुपये नाव लागल्यावर देतो. ते जरा नाराज झाले, म्हणाले, "विश्वास नाही का?" मी त्यांना मामांची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "उद्याच जाऊ आरटीओला, मीही येतो." जुन्या गाडीला उच्च सुरक्षेची नंबर प्लेट बसवलेली नव्हती, ती आधी बसवून घेतली, नाहीतर काम अडलं असतं. थकलेली दोन चलान त्यांनी भरली. अर्जाची पावती दोघांनी घेतली. नाव लागलं त्या दिवशी मी वीस हजार पाठवले, आणि काकांचा मेसेज आला, "आज मी मोकळा झालो." मला वाटतं, जुन्या गाडीचा व्यवहार पूर्ण झाल्याचं यापेक्षा चांगलं वाक्य नाही. घेणारा मालक झाला पाहिजे आणि विकणारा मोकळा झाला पाहिजे. यातलं एक जरी राहिलं तरी व्यवहार अर्धाच.

सेकंड हँड गाडी घेऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही. माझ्या वहिनीने जुन्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकून आज पुणे-सोलापूर एकटीने करते. पहिला ओरखडा जुन्या गाडीला पडला तर घरात शांतता राहते, हा फायदा कुठल्याच हिशोबात येत नाही. पहिल्या नोकरीत सात वर्षांचा ईएमआय डोक्यावर घेण्यापेक्षा तीन लाखांची नीट बघितलेली गाडी मला तरी बरी वाटते.

फक्त आज एक काम करा. हा एपिसोड संपला की घरी विचारा, गेल्या काही वर्षांत आपली कुठली गाडी विकली गेली का? बाबांची जुनी मारुती, दादाची बाईक, आत्याची स्कूटी. तिचा नंबर जुन्या विम्याच्या कागदावर सापडेल. तो ॲपवर टाका. घरातल्याच माणसाचं नाव दिसलं तर खरेदीदाराला आजच फोन लावा, आणि आरटीओत लेखी कळवून पोच घ्या. आणि आजोबांच्या नावावरची गाडी आजोबा गेल्यावरही तशीच चालवत असाल, तर आधी वारसाच्या नावावर करा. त्याचा फॉर्म ३१ असतो.

दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या मामांना ते कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगितलंय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर गाडी सावकाश चालवा.